शीतलला पाठवू नका

टेंभुर्णी, ता. जाफ्राबाद
६ मे २०२२

कल्याण,

दादाचा आशीर्वाद. सूनबाईलाबी सांग.

फोनवर मला आता काहीच ऐकू येत न्हाई. कानात मशीन घातली की नुसतं भुंग्यावानी गुणगुणतं. परवा तू फोन केल्ता तव्हा मी आपलं हो हो म्हणत राह्यलो, तू काय बोललास ते बिलकुल कळलं न्हाई. म्हणून कागदावर लिहून राह्यलो. तूबी पत्रच पाठवत जा. पोस्टमन आपल्याच गल्लीतला हाय.

बातमी मोठी हाय. आपली शीतल तुमच्या नेव्हीत पास झाली. भोपाळला मुलाखतीला गेल्ती. लई पोरी आल्त्या, त्यातल्या मोजक्याच ठेवल्या, त्यात ही. डाक्टरी तपासणीबी झाली. जूनच्या अखेरीला केरळात एझिमला म्हणून गाव हाय, तिथल्या अकादमीत हजर व्हायचं लिहून आलंय. आम्हाला कुणाला पत्ता न्हाई अन् पोरीनं सगळं एकटीनं केलं. पास झाल्यावरबी तुला कळवू नका म्हणून मला शपथ घातली व्हती. ‘काकाच्या नावावर गेली असं कुणी म्हणायला नको’ असं तिचं म्हणणं. आता पक्कं झालं, मंग शपथ सोडवली.

तू साताऱ्याच्या सैनिक शाळेत गेलास तव्हा मीच तुला एसटीत बसवून दिल्तं. गाडी निघाली तरी तू खिडकीतून माझ्याकडं पाहिलं न्हाईस. मला राग आल्ता. आई म्हणली, रडत असंल, म्हणून पाहत न्हाई. तव्हापासून तू खडकवासला, कोची, मुंबई, अंदमान, कुठं कुठं गेलास. गावात लोक विचारायचे, कल्याण कुठंय सध्या? मी सांगायचो, पाण्यात. अॅडमिरल झालास तव्हा ग्रामपंचायतीनं अभिनंदनाचा बोर्ड लावला, त्यावर पेंटरनं जहाजाच्या जागी कोळ्याची होडी काढल्ती. मी म्हणलं राहू द्या, दोन्ही पाण्यातच चालतात.

घरात आता दोन मतं हायेत. शीतलची आई म्हणती, लेकीची जात, समुद्रात काय काम? माझं मत मी लिहीत न्हाई. तुझा शब्द या घरात शेवटचा, तू म्हणशील तसं करू. शीतल तर म्हणली, ‘काकांना विचारा ना. ते हसतील अन् म्हणतील, पाठवा.’

जल्दी कळव.

धर्मराज

*

विशाखापट्टणम
१५ मे २०२२

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. पत्र मिळालं. शीतलचं खरंच कौतुक वाटलं, तिला माझ्यातर्फे सांगा.

पण दादा, शीतलला पाठवू नका.

विचार करून लिहितो आहे. लोकांना पांढरा गणवेश दिसतो, बँड दिसतो, त्यामागची नोकरी दिसत नाही. शीतल हुशार आहे, पण हट्टी आहे आणि तितकीच हळवी आहे. हे तिला झेपणार नाही. इतकी वर्षं मी माणसंच पारखतो आहे, तेवढं मला कळतं. मागे ती सुट्टीत इथं आली होती तेव्हा बंदरातल्या साध्या लाँचवर तिला मळमळलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. ते तर बंदर होतं.

इंजिनिअर आहे. पुण्यात, संभाजीनगरात तिला चांगली नोकरी लागेल. संध्याकाळी घरी येता येईल अशी.

माझ्याकडे सध्या कामाचा फार ताण आहे. एक चौकशी चालू आहे, तिच्याबद्दल लिहिता येत नाही. त्यामुळं तुमच्याकडचे एकदोन फोनही उचलले गेले नाहीत. राग मानू नका.

हे पत्र तिला दाखवू नका. तुम्हीच तुमच्या पद्धतीनं समजावून सांगा.

तुमचा
कल्याण

*

टेंभुर्णी
९ जून २०२२

कल्याण,

तू दाखवू नका लिहिलंस, पण मी दाखवलं. तिनं हात पुढं केला, मी काय करणार?

उभ्यानंच वाचलं. ‘झेपणार नाही’ लिहिलंस ना, तिथं बोट ठेवलं अन् मला म्हणली, ‘अप्पा, काकांनी मला कधी पाहिलंय पारखायला?’ मंग ती शेडनेटमधी गेली. बियाण्याच्या मिरचीचं क्रॉसिंग चाललंय, एका झाडाचं पराग दुसऱ्याच्या फुलाला हातानं लावायचं, त्याला बाया लावल्यात. त्यांच्यात बसून अंधार पडंस्तोर फुलं चिमटत राह्यली. तिची आई बोलवायला गेल्ती तर म्हणली, एवढी ओळ होऊ दे. दुसऱ्या दिवशीबी तेच. रडली असती तर बरं झालं असतं.

परतूरच्या बद्रीनाथरावांनी मागंच आपल्या मुलासाठी विचारल्तं. मोंढ्याच्या बाजारात त्यांची आडत हाय, माणसं साधी हायेत, मुलगा शिकलेला हाय. आपण शीतलच्या शिक्षणामुळं थांबवलं व्हतं. आता हो म्हणलं. शीतलला विचारलं, ती म्हणली, ‘तुम्हाला बरं वाटेल ते करा.’ आषाढी एकादशीच्या आतली तारीख धरली, ४ जुलै. त्याच्या आधी तिची हजर व्हायची तारीख येऊन जाईल. ती कधी हाय ते घरात सगळ्यांना माहीत हाय, कुणी बोलत न्हाई.

लग्नाला ये. आपल्या आईच्या शेवटच्या वेळी तुला येता आलं न्हाई, ते मी कधी काढत न्हाई. पण आता ये.

धर्मराज

*

विशाखापट्टणम
२१ ऑगस्ट २०२२

ती. दादा,

साष्टांग नमस्कार.

लग्नाला आलो नाही. चौकशी संपेपर्यंत मला इथून हलता येत नव्हतं हे खरं आहे, पण शीतलसमोर उभं राहायचं धैर्य नव्हतं हेही तितकंच खरं आहे. आता चौकशी संपली. तेव्हा लिहिलं नाही ते आज लिहितो.

माझ्या कार्यालयात भावना नावाची एक अधिकारी होती. शीतलच्याच वयाची, सांगलीकडची. कामाला चोख. पण तिचं मन कार्यालयात नव्हतं, तिला जहाजावर जायचं होतं. दर महिन्याला माझ्यासमोर उभी राहायची, ‘सर, माझं काय झालं?’ मी टाळायचो. शेवटी तिच्या बदलीवर सही केली. आनंदानं तिनं सगळ्या कार्यालयाला जिलेबी वाटली.

एप्रिलमध्ये तिचं जहाज वादळात सापडलं. डेकवर एक दोर सुटला होता. तो बांधायला खलाशी निघाले, त्यांच्याबरोबर ती गेली. मोठी लाट आली. खलाशी कठड्याला अडकून वाचले. ती दिसली नाही. आम्ही शोध थांबवला नाही, मी स्वतः हेलिकॉप्टरमधून फिरलो. दादा, वरून समुद्र सगळीकडे सारखाच दिसतो. कुठं बघायचं तेच कळत नाही. ती सापडली नाही.

चौकशीत कुणाचा दोष निघाला नाही. माझाही नाही.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा भावनाच्या आईवडिलांना भेटायला जाणं मी आजउद्यावर ढकलत होतो. तुमच्या अक्षरात ‘एझिमला’ वाचलं. मला वाटलं, ही दुसरी सही. मग शीतलला थांबवायला सुचेल ते लिहीत गेलो. ती हळवी आहे, हट्टी आहे, तिला मळमळतं. दादा, मी स्वतः पहिल्या जहाजावर कित्येक दिवस बादली घेऊन उभा असायचो. शीतलला झेपणार नाही असं मला कधीच वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात सांगलीकडे जाऊन आलो. भावनाचे वडील, अण्णासाहेब, सायकलचं दुकान चालवतात. मला वाटलं होतं, ते मला दारातून परत पाठवतील. त्यांनी खुर्ची पुसून दिली. मी म्हटलं, ‘तिच्या बदलीवर सही माझी होती.’ ते म्हणाले, ‘माहीत आहे. तिनं फोन करून सांगितलं होतं. इतकी खूश होती, की तिच्या आईला आधी वाटलं लग्नच ठरवलं पोरीनं.’

मग ते म्हणाले, ‘साहेब, सही केली नसती तर ती आज जिवंत असती, हे मला रोज वाटतं. खोटं कशाला बोलू? पण ती इथं माझ्यासमोर बसून तुम्हाला शिव्या घालत असती, हेपण वाटतं. सुट्टीला आली की तिसऱ्या दिवशी बॅग भरायला लागायची. तिला कोण धरून ठेवणार होतं?’

परत येताना गाडीत शीतलशिवाय दुसरं काही डोक्यात नव्हतं. इथं आल्यावर नियम काढून बघितले, वरिष्ठांशी बोललो. यंदाची संधी तिच्या वयाला शेवटची होती. आणि आता लग्नही झालं. दार बंद झालं आहे.

तिला दोनदा फोन केला. ‘हो काका. बरी आहे काका.’ एवढंच बोलून ती फोन ठेवते. हे पत्र तिला दाखवा.

कल्याण

*

टेंभुर्णी
१७ सप्टेंबर २०२२

कल्याण,

तुझं पत्र वाचून पहिले तर राग आला. मे महिन्यातच हे लिहिलं असतंस तर काय बिघडलं असतं? लाटेचं वाचून कदाचित आम्हीच न्हाई म्हणलो असतो. कदाचित शीतलच भ्याली असती. किंवा म्हणली असती, तरीबी जाते. काहीबी झालं असतं, पण आपल्यातच काहीतरी कमी हाय असं पोरीच्या मनात बसलं नसतं. तिनं तुझा फोटो अभ्यासाच्या टेबलावर ठेवला व्हता. सासरी जाताना नेला न्हाई.

राग चार दिवस टिकला. मंग माझंच मला आठवायला लागलं.

आई आजारी व्हती तव्हा तिनं खाट रस्त्याकडं तोंड करून टाकायला लावली व्हती. एसटी थांबली की विचारायची, कोण उतरलं? मी रोज फोन लावायचो. तुझे साहेब लोक सांगायचे, जहाज लांब हाय, निरोप दिलाय. तू आलास तव्हा दहावा चालू व्हता. तू रडला न्हाईस. पाहुण्यांना पाणी देत फिरलास अन् तेराव्याच्या आधी निघून गेलास. लोक म्हणले, केवढं काळीज. मला ते काळीज नगं व्हतं. तव्हाच मनात धरलं, या घरातलं दुसरं माणूस त्या पाण्यावर जाऊ द्यायचं न्हाई.

पण शीतलच्या तोंडावर मला न्हाई म्हणता येत न्हाई. लहानपणापासून आलं न्हाई. म्हणून तुला विचारलं. तू हो म्हणला असतास तर दातओठ खाऊन पाठवली असती. तू न्हाई म्हणलास. मी ते पत्र देवासमोर ठेवलं अन् हात जोडले. मला बरं वाटलं, कल्याण. माझं काम झालं अन् वाईट तू झालास. तू तुझ्या भीतीनं लिहिलंस, मी माझ्या भीतीनं तुझ्या आड लपलो. मधी पोरगी भरडली.

गौरीला शीतल आल्ती, तव्हा तुझं पत्र दिलं अन् माझंबी तोंडानं सांगितलं. तिनं दोन्ही ऐकून घेतलं. नुसतं विचारलं, ‘भावनाचा फोटो असेल का काकांकडे?’

असला तर तिला पाठव. पत्ता खाली लिहिलाय.

दादा

*

विशाखापट्टणम
२ फेब्रुवारी २०२४

प्रिय शीतल,

भावनाचा फोटो पाठवला होता, तो मिळाल्याचं तू एका ओळीत कळवलंस. त्यानंतर तुला लिहायला बसलो की कागद तसाच राहायचा. आज कारण आहे म्हणून लिहितो.

२९ तारखेला मी निवृत्त होतो आहे. पुढची बढती मिळाली नाही. ओळखीचे लोक त्याची कारणं शोधतात, मी शोधत नाही. पाण्यावर आणि पाण्याकाठी माझं आयुष्य गेलं आणि त्यातली बरीच वर्षं चांगली गेली. चक्रीवादळात अडकलेल्या मच्छीमारांना आम्ही जहाजावर ओढून घेतलं होतं, त्यातला एकजण अजून दर पोंगलला फोन करतो. असं बरंच आहे. पण घरी बसून कुणाला सांगावं असं वाटतं तेव्हा लक्षात येतं, की ऐकायची हौस असलेलं आपल्या घरात एकच माणूस होतं.

निरोपाचा छोटा समारंभ असतो. दादांना घेऊन तू ये. जावईबापूंना जमलं तर त्यांनाही आण. जहाज बघता येईल, मी व्यवस्था करतो.

नाही आलीस तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण तसं नाही. तू यावंस असं फार वाटतं.

तुझा
काका

*

परतूर
१० मार्च २०२४

ती. काका,

नमस्कार. आम्ही सुखरूप पोचलो. अप्पांना जालन्यापर्यंत सोडलं आणि मी तशीच मागं परतूरला आले. फोन करणार होते, पण अप्पा म्हणाले, ‘पत्रच लिही, फोनवर तू नुसतं हो हो करतीस.’

समारंभ अप्पांना फार आवडला. त्या उघड्या गाडीत तुम्ही उभे, दोरांना धरून सगळे अधिकारी गाडी ओढतायत, हे बघून ते रडायला लागले. मध्येच मला विचारलं, ‘बँड वाजून राह्यलाय का गं?’ मी म्हटलं, वाजतोय. मग मान हलवायला लागले. आल्यापासून गावात सगळ्यांना सांगतायत, की कल्याणची गाडी साहेब लोकांनी बैलासारखी ओढली.

जेवताना तुम्ही मला विचारलंत, ‘राग आहे का गं अजून?’ आणि तेवढ्यात तुमचे पाहुणे आले. उत्तर राहिलं. पहिलं वर्षभर होता, तुमच्यावरही आणि अप्पांवरही. आता रोज नसतो. दुकानात मालाच्या गाड्या लावायचं काम मी बघते, ह्यांना त्यातला गोंधळ सोसत नाही, मला मजा येते. सासूबाई चांगल्या आहेत. तिकिटं ह्यांनीच काढून दिली, म्हणाले, जाऊन ये, नाहीतर जन्मभर बोलशील. कापसाच्या गाड्या लागल्या की राग नसतो. हंगाम संपला, दुपारी रिकामी बसले, की येतो. तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगितलं.

दुसरी एक गोष्ट तुम्हाला सांगायची नाही असं ठरवलं होतं. पण गाडीत सगळा वेळ तीच डोक्यात होती.

जहाज दाखवायला तुम्ही जी सब-लेफ्टनंट मुलगी दिली होती, ती हरियाणाची. खूप बोलकी. अप्पांचा हात धरून तिनं त्यांना जिना चढवला. मी तिला विचारलं, तुम्ही अकादमीत कधी गेलात? ती म्हणाली, जून दोन हजार बावीस.

काका, तुम्हाला हे माहीत नसणार, हे मला माहीत आहे. तुम्ही त्या दिवशी किती गडबडीत होता.

मी तिला पहिल्या दिवसाबद्दल विचारलं. ती हसत हसत सांगायला लागली. पाऊस किती होता, बूट कसे चावले, रडू कसं आलं. त्यांच्या खोलीत चार मुलींची सोय होती, पण तिघीच आल्या. चौथीचं नाव दारावर लावलेलं होतं, ती महाराष्ट्रातली कुणीतरी होती, एवढंच त्यांना माहीत. उशीर झाला असेल, उद्या येईल, परवा येईल, असं त्या म्हणत राहिल्या. सकाळी तपासणी व्हायची, तेव्हा आपल्या कॉटबरोबर त्या चौथी कॉटपण आवरायच्या. चादर ताणायच्या, उशी सरळ करायच्या. म्हणजे ती आली की तिला पहिल्याच दिवशी शिक्षा व्हायला नको. पुढं कुणीतरी दारावरचं नाव काढून नेलं आणि त्यांना कळलं, की ती येत नाही.

अप्पा शेजारीच होते. त्यांना ऐकू आलं नाही. ते समुद्राकडे बघत होते.

मी विचारलं, ‘तिचं नाव आठवतं का तुम्हाला?’ तिनं थोडा विचार केला. म्हणाली, ‘नाही. तेव्हा पाठ होतं. आम्ही चिडून तिच्या नावानं हाका मारायचो, की ये बाई एकदाची.’ मग तिनं मलाच विचारलं, ‘का बरं आली नसेल?’

मी म्हटलं, ‘असेल काहीतरी अडचण.’

ती म्हणाली, ‘हो, असेल.’ आणि आम्ही वरच्या डेकवर गेलो.

तुमची
शीतल